हातामागं दोन बोटं

मित्रांनो, आधी एक विनंती. मला दोरीला धरून घड्याळाच्या लंबकासारखं डोलवू नका. लहान मुलांना तो मोह होतो, मोठ्यांनाही होतो, आणि माझा सगळा जन्म मात्र न हलता लोंबण्यात गेला आहे. मी पितळेचा एक जुना ओळंबा आहे. वर फुगीर, खाली टोकदार, मुठीत मावेल एवढा. गवंडी भिंत बांधतो तेव्हा तिच्या कडेला मला सोडून बघतो की भिंत सरळ उभी आहे की झुकली आहे. मी उत्तर देतो. उत्तर आवडलं नाही तरी मी ते बदलत नाही, त्यामुळे मला लग्नाकार्याला कोणी बोलावत नाही.

तरीही मिरजगावच्या हायवेलगत एक पांढरा मनोरा आहे. तो रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाकडा दिसतो, आणि त्याची वीट न् वीट माझ्या साक्षीनं बसलेली आहे. हे कसं घडलं, ते सांगतो.

माझा जन्म नगरच्या एका भट्टीत झाला. एक मोडका नळ, एक गळका तांब्या आणि कुठल्यातरी कपाटाच्या कड्या एकत्र वितळवून मला ओतलं. माझ्यात कोणाचा वाटा किती, ते ओतणाऱ्यालाही माहीत नव्हतं. अधूनमधून मला उगाचच पाण्याची आठवण येते, ती बहुधा नळाकडून आली असावी. माझ्याबरोबर लाकडाची एक ठोकळीही मिळाली. ठोकळी भिंतीला वर टेकवायची, तिच्या भोकातून दोरी सोडायची आणि दोरीच्या टोकाला मी. माझं पोट भिंतीला अगदी हलकेच चाटून राहिलं, तर भिंत सरळ. मधे फट पडली किंवा मी भिंतीला रेलून बसलो, तर भिंतीत खोट. शास्त्र एवढंच आहे. ते शिकायला काहींना आयुष्य लागतं.

मला विकत घेतलं शांतवन मिस्त्रीच्या वडिलांनी. ते मिशनच्या शाळेची भिंत बांधत होते. त्यांच्यानंतर मी शांतवनकडे आलो. शांतवन मला एका लोकरी मोज्यात ठेवायचा, टोकाला पोचा येऊ नये म्हणून. मोजा एकच होता. दुसरा कुठं गेला, यावरून त्याच्या घरात बरीच वर्षं वाद चालू होता. मिरजगावातली घरं, आसपासच्या विहिरींची बांधकामं, श्रीगोंद्याकडच्या कारखान्याच्या कामगारांच्या खोल्या, सगळीकडे मी लोंबलो. भिंत उभी राहिली की लोक शांतवनची पाठ थोपटायचे. माझी पाठ कोणी थोपटली नाही, पण मला पाठ नाही, हेही खरं.

मग लाल रेघ मारणारं यंत्र आलं. बटण दाबलं की भिंतीवर सरळ रेघ. तरुण मिस्त्री मला बघून हसू लागले. त्याच सुमाराला शांतवनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढं ढकललं गेलं, आणि माझ्या पोटाच्या अन् भिंतीच्या मधली बारीक फट त्याला दिसेनाशी झाली. तो दोरी धरायचा, मान तिरकी करायचा आणि हळूच विचारायचा, "आराधने, काय म्हंतोय गं हा?"

आराधना त्याची मुलगी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तिनं कॉलेज सोडलं आणि बापाच्या हाताखाली घमेली वाहू लागली. लोकांना वाटायचं, ती घमेलीच वाहते. खरं म्हणजे आतल्या भिंती तीच बांधायची. बाहेरून दिसणाऱ्या भिंतींवर शांतवन उभा राहायचा, आणि आतल्या भिंतींवर गिलावा चढला की त्या कोणी बांधल्या हे फक्त तिघांना माहीत असायचं. तिसरा मी.

आमच्या भागात बाई बांधकामावर वाळू चाळते, माल कालवते, विटा वाहते. थापी हातात घेऊन रचत नाही. तसा कोणी कायदा केलेला नाही, म्हणून तो कोणाला मोडताही येत नाही. आराधनाला एकच गोष्ट हवी होती. गावानं तिला 'शांतवनची पोरगी' म्हणायचं थांबवावं आणि 'मिस्त्री' म्हणावं. ते झालं तर शांतवन घरी बसला तरी काम येत राहणार होतं. नाही झालं, तर शांतवनच्या दुसऱ्या डोळ्याबरोबर त्या घरातलं गवंडीकामही मिटणार होतं.

आणि गावात एखाद्याला मिस्त्री म्हणायचं की नाही, हे ठरवायचा रखमाजीमिस्त्री. म्हातारा, कंबरेतून वाकलेला, काम सोडून बसलेला, पण नजर शाबूत. हायवेच्या कडेच्या चहाच्या टपरीवर त्याचा बाक ठरलेला. घर बांधायला काढलेला माणूस आधी त्या बाकापाशी यायचा. "रखमाजीला विचारलं का?" हा प्रश्न मिरजगावात पाया खणायच्या आधी विचारतात.

आता यात इटली कुठून आली, असं तुम्ही विचाराल. ती कल्याणशेठनं आणली.

कल्याणशेठचं गावात खता-बियाण्यांचं दुकान. कंपनीनं ठरवून दिलेला माल खपवला की कंपनी दुकानदारांना परदेश दाखवते. कल्याणशेठनं एवढं खत खपवलं, की कंपनीनं त्याला सपत्नीक इटलीत पिसा नावाच्या गावी नेलं. परत आल्यावर पंधरवडाभर तो चहाला चहा म्हणत नव्हता. एका सकाळी तो शांतवनच्या अंगणात आला, खाटेवर बसला आणि त्यानं मोबाईल पुढं केला.

"काका, हे बघा. हे मला हायवेच्या प्लॉटवर पाहिजे."

शांतवननं मोबाईल चांगल्या डोळ्यापाशी धरला. हिरवळ होती. हिरवळीवर एक पांढराशुभ्र गोल मनोरा होता, सगळ्या अंगाला कमानी. शांतवननं मोबाईल थोडा डावीकडे कलवला. मनोरा उभा झाला, पण हिरवळीवरची सगळी माणसं घसरायला लागली.

"आता बराबर झालं. फोटू तिरका निघालाय, शेठ."

"फोटो सरळ हाय. टॉवर तिरका हाय."

"पडंल की मग!"

"आठशे वर्षांत न्हाई पडला."

शांतवननं मोबाईल परत दिला. मग त्यानं फार गंभीरपणे विचारलं, "ज्यानं बांधला, त्याला फुडं काम मिळालं का?"

"काका, आख्खी दुनिया तो बघायला येती!" कल्याणशेठ उठून उभाच राहिला. "गाव किती जुनं हाय! नदी हाय, संगमरवरी चर्च हाय, बाप्तिस्मा द्यायला निराळी गोल इमारत हाय."

"बाप्तिस्म्याला निराळी इमारत?" शांतवननं टोपी मागं सरकवली. "रोज किती बाप्तिस्मे व्हत असतील म्हणायचे?"

"ते सोडा. मुद्दा असा, की सगळे येतात त्या टॉवरसाठी. हात असा धरायचा, टॉवरला टेकू दिल्यागत, अन् फोटो काढायचा. सकाळी टाय लावून आमची सभा. नव्या खतावर दोन तास बोलला तो साहेब. एकानं जांभई दिली न्हाई, कारण दुपारी टॉवर हुता. सभा नगरला असती तर मी म्हणलो असतो, म्हशीला बरं न्हाई. सभा पिसाला हाय म्हणल्यावर नवा सूट शिवला. आता आपलं बघा. हायवे हाय. लग्नं हायेत. बियाण्याच्या, औषधाच्या, ट्रॅक्टरच्या कंपन्या हायेत. त्यांच्या सभा मिरजगावात का होत न्हाईत? फोटो काढायला आपल्याकडं काय हाय? पेट्रोल पंप."

पेट्रोल पंप खरोखरच नवा होता आणि लोक तिथं फोटो काढत होते.

असं 'पिसा लॉन्स'चं काम निघालं. हॉल मोठ्या ठेकेदारानं बांधला. मनोरा शांतवनला दिला, कारण ठेकेदाराच्या माणसांनी वाकडं बांधायला नकार दिला होता. तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच, आत चढायला लोखंडी शिडी. इंजिनियरनं पाया रुंद आणि वजनदार घ्यायला सांगितला होता, म्हणजे वरचा भाग झुकला तरी पडणार नाही. झुकाव त्यानं कागदावर काढून दिला होता आणि सोप्या भाषेत सांगितलाही होता. एक हात वर गेलं, की दोन बोटं बाहेर. हातामागं दोन बोटं, तळापासून शेंड्यापर्यंत.

"बांधणार आराधना," शांतवननं आधीच सांगून टाकलं. "मी बसणार."

"मला टॉवर उभा राहण्याशी मतलब," कल्याणशेठ म्हणाला, आणि लगेच त्यानं सुधारलं, "म्हंजे तिरका उभा राहण्याशी."

पहिल्यांदाच आराधना थापी घेऊन उघड्यावर, हायवेच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मला तिनं मोज्यातून काढलं, पदरानं पुसलं. आणि समोरच्या टपरीवरून रखमाजीचा आवाज आला. म्हाताऱ्याचा आवाज मोठा होता, ट्रकच्या वरताण.

"बाईच्या हातचं हाय म्हणल्यावर वाकडं होणारच! शेठ हुशार. आधीच वाकडं मागून बसला."

टपरी खो-खो हसली. चहावाला हसला, ट्रकचा क्लीनर हसला. मित्रांनो, विनोद म्हणून तो वाईट नव्हता, हे मलाही कबूल करावं लागेल. पण माझी दोरी आराधनाच्या हातात होती आणि ती दोरी ताठ झाली, हे फक्त मला कळलं.

त्या दिवसापासून तिचा एकच क्रम. मला सोडायची, वीट बसवायची, पुन्हा मला सोडायची. हायवेवरून ट्रक गेला की वाऱ्यानं मी हलायचो, म्हणून तिनं खाली पाण्याची बादली ठेवली. मला बादलीत बुडवलं की मी चटकन स्थिर व्हायचो. (नळाचा वाटा, दुसरं काय.) आणि दर वेळी मी तिला सांगायचो, दोरी अन् भिंत तळापासून वरपर्यंत एकसारखी, केसाचाही फरक नाही. ती पुढची वीट उचलायची.

तुमच्या लक्षात आलं असेल. ती मनोरा सरळ बांधत होती.

पेरणीचे दिवस होते. कल्याणशेठला दुकानातून मान वर करायला सवड नव्हती. शांतवन बाजूला दगडावर बसून असायचा. मनोरा डोक्याच्या वर गेला, कमानींचे दोन मजले झाले, तेव्हा एका दुपारी तो उठून जवळ आला. त्यानं माझी दोरी चाचपली आणि दोरी अन् विटा यांच्यामधून बोट फिरवलं, वर, मधे, खाली. आमच्या धंद्यात डोळे गेले तरी बोटं उरतात.

"आराधने."

"काय, पप्पा?"

"लई बरोबर हाय."

"व्हय."

"शेठ वरडंल."

"वरडू द्या."

शांतवन पुन्हा दगडावर जाऊन बसला. त्याला रागावता येईना आणि आनंदही लपवता येईना. शेवटी त्यानं तंबाखू मळली.

कल्याणशेठ आला तो रविवारी, बायकोला घेऊन. गाडीतून उतरला, मनोऱ्याकडे बघितलं. डावीकडे मान कलवून बघितलं, उजवीकडे कलवून बघितलं. मान कलवली की मनोरा वाकडा दिसत होता. मान सरळ केली की सरळ.

"हे काय हाय?"

"टॉवर," आराधना म्हणाली.

"हा टॉवर हाय? हा पाण्याच्या टाकीचा खांब हाय! सरळ टॉवर बघायचा तर मोबाईल कंपनीचा हाय की, फुकट! पुढच्या महिन्यात बियाण्याच्या कंपनीची सभा घेतलीय मी इथं. पत्रिका गेल्यात. पत्रिकेवर तिरका छापलाय! उद्या लोकं येतील अन् हात असा धरून उभी राहतील, अन् टेकू कशाला देतील? हवेला?"

"वाकडं बांधलं तर लोकं काय म्हणतील, ठावं हाय का तुमाला?"

"लोकांनी म्हणावं म्हणूनच तर बांधतोय!"

"तुमाला न्हाई म्हणणार. मला म्हणतील. म्हणलेत."

कल्याणशेठ रखमाजीच्या टपरीकडे बघत म्हणाला, "उद्यापर्यंत सांग. तुला जमत न्हाई तर रखमाजीच्या पोराला बोलावतो." आणि हॉलचे दिवे बघायला निघून गेला.

त्याची बायको सत्यशीलावहिनी मात्र गेली नाही. ती विटांच्या ढिगावर रुमाल टाकून बसली. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि पिसात नवरा फोटो काढत असताना तिनं गाईडचं बोलणं ऐकलं होतं. असं ऐकणारी त्या सहलीत ती एकटीच असावी.

"आराधना, तुला एक सांगू? तो टॉवर तिथल्या मिस्त्रींनी वाकडा बांधलेला नाही."

"मग?"

"सरळच बांधत होते. जमीन भुसभुशीत निघाली. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले अन् कलायला लागला. काम बंद पडलं, कितीतरी वर्षं. नंतरचे मिस्त्री आले, त्यांनी काय केलं, वरचे मजले एका बाजूनं थोडे उंच घेतले. वाटलं, असं केलं तर सरळ दिसेल. नाही झालं. नीट बघितलं तर तो टॉवर नुसता तिरका नाही, मधे वाकलेला आहे, केळ्यासारखा. आमच्यातले सगळे हसले. ती गाईडबाई नाही हसली."

आराधनानं थापी खाली ठेवली. "म्हंजे त्यांनी झाकायला बघितलं."

"बघितलं. शेवटी गावानं झाकणं सोडून दिलं. भोवती हिरवळ राखली, पडू नये म्हणून पाया सावरला, अन् जगाला म्हटलं, या, बघा. आज सगळं गाव त्याच्यावर चालतंय. हॉटेलं, दुकानं, सभा, सगळं." वहिनी उठली, रुमाल झटकला. "तुला वाकड्याची लाज नाही वाटत. चुकून झालं म्हणतील, त्याची वाटते. तर मग चुकून झालेलं नाही, हे दिसेल असं बांध."

आराधनानं माझी दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग हॉलकडे गेली. कल्याणशेठ शिडीखाली उभा होता.

"शेठ, उद्या सकाळी पाडते. तुमच्या सभेच्या दिवसापर्यंत तिरका उभा करून देते. पण एक हाय. पाडायच्या आधी रखमाजीकाकांनी स्वतः ओळंबा लावून बघायचा."

"त्यानं काय होणार?"

"मला होणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टपरीवर गेली. सगळा बाक तिच्याकडे बघत होता.

"काका, जरा येता का? भिंत बघायचीय."

"वाकडीच बघायची ना? हितनं बी दिसती."

"जवळनं बघा. तुमच्या हातानं."

म्हाताऱ्याला नाही म्हणता येईना, कारण बाक ऐकत होता. तो काठी टेकत हायवे ओलांडून आला. मागून चहावाला आला, मागून बाक आला. रखमाजीनं मला हातात घेतलं, वजन तोललं. शांतवनच्या बापाच्या हातात त्यानं मला बघितलेलं होतं. ठोकळी वर टेकवली, मला सोडलं. ट्रक गेला, मी हललो. "बादली आना," तो म्हणाला. मी पाण्यात बुडालो, थांबलो. रखमाजी वाकला, होताच वाकलेला, आणखी वाकला. एक बाजू बघितली. मग पलीकडे गेला. दुसरी बघितली, तिसरी, चौथी. गोल भिंत सरळ चढवणं म्हणजे काय असतं, हे त्या गर्दीत तिघांनाच माहीत होतं आणि तिघंही गप्प होते. चौथा मी, पण मी बोललो होतो.

"हं," रखमाजी म्हणाला.

"हं म्हंजे?" चहावाल्यानं विचारलं.

"हं म्हंजे हं."

तो निघाला. चार पावलं जाऊन थांबला आणि मागं न बघता म्हणाला, "पाडू नको. चांगलं हाय."

"आता पाडायला हरकत न्हाई," आराधना म्हणाली, आणि तिनं हातोडा उचलला.

शांतवननं तोंड फिरवलं. मला तोंड नसल्यानं मी बघत राहिलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत सरळ भिंत होती आणि ती तिनं स्वतःच्या हातानं, वरून खाली, एकेक वीट सुटी करत उतरवली. फुटल्या त्या बाजूला टाकल्या, धड होत्या त्या पुन्हा वापरायला रचून ठेवल्या. दुपारपर्यंत पाया उरला. जेवण झाल्यावर तिनं पुन्हा दोरी हातात घेतली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, वाकडं बांधायला ओळंब्याचं काय काम? मलाही तसंच वाटलं होतं. मी मनातल्या मनात मोज्यात जायची तयारी केली होती. पण एवढं काम मी उभ्या जन्मात केलेलं नाही. सरळ भिंतीला मी एकदा हो म्हटलं की झालं. इथं दर थराला मोजायचं. वरून मला सोडायचं आणि दोरीपासून वीट हातामागं दोनच बोटं सरकली का, ते बघायचं. दीड बोट झालं, तर मनोरा मधे वाकणार, केळं होणार. अडीच झालं तर पोट काढणार. आराधनानं आपली दोन बोटं शेजारी शेजारी धरून तेवढ्या रुंदीची एक लाकडी पट्टी कापून घेतली आणि ती माझ्या मोज्यात ठेवली.

तिसऱ्या दिवशी रखमाजी हायवे ओलांडून आला आणि शांतवनच्या दगडावर त्याला सरकवून बसला.

"दोन बोटं कुणाची धरलीस?"

"माझी."

"बारीक हायेत."

"टॉवर शेठचा. बोटं माझी."

"शांतवन, पोरगी तुझ्यावर गेली न्हाई."

"न्हाई," शांतवन अभिमानानं म्हणाला. "आईवर गेली."

त्यानंतर रखमाजी रोज यायचा. मदत एका विटेची केली नाही, पण टपरीवरचा त्याचा चहा आता तिकडं यायला लागला. मनोरा चढत गेला, झुकत गेला. कमानी झाल्या, पांढरा गिलावा झाला. सभेच्या आधी दोन दिवस शेवटचा कठडा बसला आणि आराधना खाली उतरून मनोऱ्याकडे पाठ करून जेवली.

सभेच्या दिवशी चार जिल्ह्यांतले दुकानदार आले. कल्याणशेठ इटलीचा सूट घालून दारात उभा होता, त्याला घाम फुटला होता, पण त्यानं बटण उघडलं नाही. आत बियाण्याच्या कंपनीचा साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होता. लोक एकेक करून 'जरा फोन आलाय' म्हणत बाहेर येत होते आणि मनोऱ्यापाशी रांग लागत होती. हात असा धरायचा, टेकू दिल्यासारखा. एकजण पायानं ढकलत होता. साहेबानं शेवटी बोलणं आवरलं आणि तोही रांगेत उभा राहिला. कल्याणशेठनं पिसात जे बघितलं होतं, तेच झालं. टॉवरसाठी सभेला आले आणि सभेतून टॉवरपाशी गेले. बियाण्याचं नाव किती जणांच्या लक्षात राहिलं, ते कंपनी बघेल.

आणि प्रत्येकजण तोच विनोद करत होता. "मिस्त्री चुकला वाटतं!" दर माणसाला वाटत होतं, हा विनोद आपल्यालाच सुचला. आराधना हॉलच्या पायरीवर बसून ऐकत होती. मी तिच्या पिशवीत, मोज्यात.

श्रीगोंद्याचा एक जाडजूड दुकानदार सगळ्यांत मोठ्यानं बोलला. "कुणी बांधला ओ हा? मिस्त्री सकाळीच टाकून आला हुता का?"

सगळे हसले. आराधना उठली. पण तिच्या आधी दगडावरून काठी वाजली.

"कोन म्हनलं ते?" रखमाजी विचारत होता. "फुडं या. या, या, लाजू नका." मग तो पायरीकडे वळला. कुठल्याही पोरीला 'ए पोरी' म्हणून हाक मारणारा तो म्हातारा, सगळं लॉन ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "आराधना मिस्त्री, जरा वर जाऊन ओळंबा सोडता का? पाव्हण्यांना बघायचंय."

तिनं मला मोज्यातून काढलं, पदरानं पुसलं. आणि ती शिडी चढली. शेंड्यावरून तिनं मला सोडलं आणि मी मनोऱ्याच्या झुकत्या बाजूनं सरळ खाली आलो, हवेतून, हिरवळीच्या वर टेकायचा राहिलो. वारा नव्हता. बादली लागली नाही.

रखमाजीनं श्रीगोंदेकराच्या हातात लाकडी पट्टी दिली. "हितं धरा. आता एक हात वर. धरा. आता आनखी एक हात. काय दिसतंय?"

"तेवढंच... दर हाताला तेवढंच सरकतंय."

"वर शिडी लावून बघायचं तर बघा. शेंड्यापत्तोर तेवढंच हाय. हातामागं दोन बोटं. तिकडं इटलीत आठशे वर्षांमागं चुकून झालं. हे चुकून झालेलं न्हाई. ही ह्या मिस्त्रीची बोटं हायेत."

शांतवन आपल्या चांगल्या डोळ्यानं वर बघत होता. उंचावरचं त्याला दिसत नव्हतं, तरी तो बघत होता.

आराधना खाली आली तेव्हा श्रीगोंदेकर पट्टी हातात धरून तिथंच उभा होता. ती त्यानं तिला परत केली.

"मिस्त्री, नंबर द्या तुमचा. दिवाळीनंतर घराचं काम काढायचंय." मग त्याला शंका आली. त्यानं मनोऱ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "पण आमचं सरळ पाहिजे बरं का."

"सरळ व्हय?" आराधना दोरी गुंडाळत म्हणाली. "ते सोपं हाय."

सध्या मी श्रीगोंद्यात आहे, त्याच घरावर. आराधनाकडे आता ते लाल रेघेचं यंत्रही आहे. आमचं बरं चाललंय. त्याची बॅटरी उतरली की ती मोज्यात हात घालते.

मित्रांनो, तुमच्याही घरात, माळ्यावरच्या एखाद्या पत्र्याच्या पेटीत माझा भाऊबंद पडला असेल. त्याला चिंच लावून घासू नका, झिजतो. दोरी मात्र बदला आणि टोक जपा. आणि कधी एखादी बाई थापी घेऊन भिंत बांधताना दिसली, तर हसण्याआधी तिच्या भिंतीला एकदा त्याला सोडून बघा. तो नसेल तर मला बोलवा, मी कुठंही यायला तयार आहे. फक्त वाऱ्याचा दिवस असेल, तर बादलीभर पाणी भरून ठेवा.